संविधान लिहिताना देव कुठे होता? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की आपला देश उभा राहताना धर्माला कुठे जागा दिली गेली आणि धर्मस्वातंत्र्य म्हणतात ते नेमकं कुणाला मिळालं, यावर काही मनात असेल तर पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मेसेज असा ढीग आला. बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, लांबलचक होते ते थोडे छाटलेत. समान नागरी कायद्यावरचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत कारण तो विषय एका उत्तरात उरकण्यासारखा नाही, त्याच्यासाठी वेगळी जागा काढू.

प्रश्न : आयर्लंडचं संविधान पवित्र त्रयीच्या नावाने सुरू होतं, पाकिस्तानचा तर पहिला ठरावच अल्लाच्या सार्वभौमत्वाचा आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली देऊळ, तरी उद्देशिकेत देवाचं नाव नाही. कुणी मागितलंच नाही का?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

बाई, मागितलं होतं, आणि प्रकरण इतकं पुढे गेलं की देवाच्या नावावर चक्क मतदान घ्यावं लागलं. तारीख १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिका मुद्दाम शेवटी चर्चेला घेतली होती, म्हणजे आतल्या मजकुराशी ती जुळेल. तेव्हा हरी विष्णू कामथ उभे राहिले. हे गृहस्थ आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले, संविधान सभेत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले. त्यांची दुरुस्ती अशी की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक' अशी करा.

त्यानंतर जे झालं ते ज्याला जमेल त्याने मूळ कामकाजात वाचावं. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले मी कामाख्येच्या मुलखातला, आमच्याकडे देवीची पूजा, मग देवीच्या नावाने का नाही? गोविंद मालवीयांना परमेश्वराची कृपा वेगळ्या शब्दांत हवी होती, शिब्बनलाल सक्सेनांना देवासोबत गांधीजींचंही नाव हवं होतं. म्हणजे देवाचं नाव घालू म्हटल्याबरोबर कुठल्या नावाने, कुठल्या रूपात, सोबत कोण, हे सगळं त्या सभागृहातच सुरू झालं. त्रावणकोरचे पट्टम थानू पिल्लई म्हणाले की मी स्वतः देव मानतो, पण माणसाला मानायचा हक्क आहे तसा न मानायचाही आहे आणि ही दुरुस्ती आली तर श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं की आपल्या आतल्या सगळ्यात खोल भावनांच्या बाबतीत सगळ्यांच्या वतीने एक मत लादायचं हे बरोबर नाही. पूर्णिमा बॅनर्जींनी तर कामथांना विनंती केली की देवावर मत द्यायची नामुष्की आमच्यावर आणू नका. कामथ हटले नाहीत. मतं पडली, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. कामथ म्हणाले आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो.

मला या प्रसंगात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की विरोधात बोलणारा थानू पिल्लईंसारखा माणूस देव मानणारा होता. त्याला देव नको होता असं अजिबात नाही, त्याला देवाच्या नावाची सही दुसऱ्याकडून करून घ्यायची नव्हती. आणि देव संविधानातून पूर्ण गेला असंही नाही बरं का. आमदारांचा शपथविधी टीव्हीवर बघितला असेल, एक जण 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' म्हणतो आणि पुढचा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की' म्हणतो, हे दोन्ही पर्याय तिसऱ्या अनुसूचीत शेजारी शेजारी छापलेले आहेत. ज्याची त्याची निवड.

पाकिस्तानचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, तो उद्दिष्टांचा ठराव १२ मार्च १९४९ ला तिथल्या संविधान सभेत मंजूर झाला. पूर्व बंगालमधून आलेले भूपेंद्रकुमार दत्त, श्रीशचंद्र चट्टोपाध्याय हे काँग्रेसचे सदस्य तिथे जीव तोडून बोलले, दुरुस्त्या दिल्या, सगळ्या फेटाळल्या गेल्या. त्याच सभेत ११ ऑगस्ट १९४७ ला जिनांनी सांगितलं होतं की तुम्ही आपापल्या देवळात, मशिदीत जायला मोकळे आहात, राज्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. पुढे १९५६ मध्ये देशाचं नावच इस्लामी प्रजासत्ताक झालं. एका वाक्याने सगळं होत नाही हे खरं, पण देशाच्या पहिल्या कागदावर कुणाचं नाव आहे हे तिथल्या अल्पसंख्य माणसाला रोज जाणवतं.

प्रश्न : स्वातंत्र्याची चळवळ तर धर्मावरच उभी होती ना? टिळकांचा गणेशोत्सव, गांधींचं रामराज्य, खिलाफत. मग स्वातंत्र्य मिळाल्यावर अचानक राज्य धर्मापासून लांब कसं गेलं? हे लोकांना फसवणं नाही का?
— बी.ए. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, अमरावती

तू म्हणतोस त्यातलं पहिलं खरं आहे, दुसरं पटत नाही. टिळकांनी १८९३ मध्ये गणपती रस्त्यावर आणला तो लोकांना एकत्र आणायला, गांधीजींच्या सायंप्रार्थनेत भजनासोबत कुराणातल्या आयता असायच्या. चळवळ म्हणजे लोक, आणि लोक आपल्या श्रद्धेसकटच येतात, त्यात काही वावगं नाही. राज्याचं मात्र वेगळं असतं, त्याच्याकडे पोलीस असतात, खजिना असतो.

हा फरक सोमनाथच्या वेळी अगदी स्पष्ट दिसतो. सोमनाथ ज्या जुनागढ संस्थानात होतं त्याचा प्रश्न सुटल्यावर १३ नोव्हेंबर १९४७ ला सरदार पटेल सोमनाथला गेले, बरोबर आपले पुण्याचे काकासाहेब गाडगीळ, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. तिथेच मंदिर पुन्हा बांधायचं जाहीर झालं, नवानगरच्या जामसाहेबांनी एक लाख दिले. आता बघ, रोज प्रार्थना करणारे, रामनाम घेणारे गांधीजी, त्यांनी त्याच महिन्यात प्रार्थनासभेत विषय काढला की यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा जाता कामा नये, लोकांनी वर्गणी काढून बांधावं, आणि सरदारांनी मला शब्द दिलाय की मी जिवंत असेपर्यंत तिजोरीतली एक पै जाणार नाही. मग ट्रस्ट झाला, कन्हैयालाल मुन्शींनी तो पुढे नेला. ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्रतिष्ठापनेला गेले, नेहरूंना ते आवडलं नव्हतं आणि त्यांनी तसं कळवलंही होतं. दोघांचं बरोबर-चूक यावर आजही लोक तावातावाने भांडतात. मला वाटतं राजेंद्रबाबूंना जायचा हक्क होता, आणि पैसा लोकांचा होता म्हणूनच तो हक्क शाबूत राहिला. गांधीजींची रेघ जास्त महत्त्वाची.

फसवणूक कुणाची झाली नाही. १९०९ पासून विभक्त मतदारसंघ होते, मुसलमानांनी मुसलमानाला मत द्यायचं, नंतर शीख, ख्रिश्चन असे वाटे वाढत गेले, आणि शेवट फाळणीत झाला. संविधान सभेतल्या बऱ्याच लोकांनी ती आग डोळ्यांनी बघितली होती, काहींची घरंदारं पलीकडे राहिली होती. त्यांनी घेतलेला निर्णय हा पोळलेल्या माणसांचा निर्णय आहे.

प्रश्न : धर्मस्वातंत्र्य दिलंय म्हणता, मग सरकार आमच्या देवळांत हात का घालतं? मंदिरावर सरकारी समिती, कुणाला आत घ्यायचं ते कोर्ट ठरवणार, हे कसलं स्वातंत्र्य?
— वाचक, बार्शी (याच आशयाचे प्रश्न सोलापूर, नाशिक, डोंबिवलीहूनही)

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनुच्छेद २५ उघडून बघा. त्यात हक्क दिलाय तो 'सर्व व्यक्तींना'. धर्माला नाही, मठाला नाही, पुजाऱ्याला नाही, आधी व्यक्तीला. आणि लगेच दुसऱ्या खंडात म्हटलंय की समाजसुधारणेसाठी किंवा सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सगळ्या हिंदूंना खुल्या करण्यासाठी राज्य कायदा करू शकेल. जगातल्या धर्मस्वातंत्र्याच्या बहुतेक कलमांमध्ये सरकारने लांब राहावं असं असतं, आपल्या कलमात सरकारच्या हातात दार उघडायची किल्ली पण दिलेली आहे. का दिली?

याच्यामागे दोन बायका आहेत, राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता. १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्कांची उपसमिती मसुदा करत होती, त्यात धर्माचं मुक्तपणे आचरण करायचा हक्क असं लिहिलं गेलं. या दोघींनी लेखी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं, आपल्याकडे आचरण या नावाखाली पडदा येतो, देवदासी येते, सती येते, उद्या कुणी उठून म्हणेल बालविवाह हा माझा धर्म आहे आणि शारदा कायदा रद्द करा. समितीला ते ऐकावं लागलं. आज आपण जे अटी-मर्यादांचं कलम वाचतो त्याच्यामागे ही हरकत आहे. शाळेच्या पुस्तकात या दोघींचं नाव एका ओळीत येऊन जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुम्ही बार्शीचे, तुम्हाला पंढरपूर सांगायला नको. २९ एप्रिल १९४७ ला दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता कुठल्याही स्वरूपात नष्ट, असं कलम मंजूर केलं. लगेच १ मे ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव फिरत होते, देवळं, विहिरी खुल्या करवत होते. १० मे ला बडव्यांनी, म्हणजे देवळातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, मान्य केलं आणि उपोषण सुटलं. चोखोबांची समाधी कुठे आहे आठवा, महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, बाहेर. ज्या माणसाचे अभंग आपण वारीत गात जातो त्याला मेल्यावरसुद्धा दाराच्या आत जागा नव्हती, आणि त्याच्या लेकरांना आत जायला सहाशेच्या वर वर्षं लागली. नाशिकला काळारामापाशी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्या माणसाने ते बंद दार बघितलं होतं तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. तर मग धर्मस्वातंत्र्य फक्त सरकारपासून मागून कसं चाललं असतं? इथे माणसाच्या धर्माच्या आड त्याच्याच धर्माचे लोक उभे होते.

पुढची एक केस बघा. मुंबई राज्याने १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा केला, तेव्हा अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगींनी कोर्टात सांगितलं की आम्ही हिंदूच नाही, आमचा पंथ वेगळा, आम्हाला हा कायदा लागू नाही. १९४८ चा दावा, सुप्रीम कोर्टात निकाल लागला जानेवारी १९६६ मध्ये. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, साताऱ्याचा माणूस, आणि हिंदू कुणाला म्हणायचं हे सांगताना त्यांनी टिळकांची व्याख्या घेतली, वेदांवर प्रामाण्यबुद्धी, साधनं अनेक, उपास्याचा नियम नाही. दार उघडलं. निकाल शंभर टक्के योग्य होता पण तिथे जायचा रस्ता मला पटत नाही. पंथाचा खरा अर्थ काय, त्यातलं आवश्यक काय आणि अंधश्रद्धा काय हे न्यायाधीशांनी ठरवायला लागायचं ही १९५४ च्या शिरूर मठ निकालानंतर पडलेली सवय आहे, आणि त्यातून पुढे बराच घोळ झालाय, शबरीमलाचा घोळ अजून मिटलेला नाही. दार उघडायला २५(२)(ख), म्हणजे वर सांगितलेला देवळं खुली करायचा खंड, पुरेसा आहे, त्यासाठी कुणाच्या श्रद्धेची परीक्षा घ्यायची गरज नाही.

राहिला प्रश्न समितीचा. इथे तुमच्या तक्रारीत दम आहे. पंढरपूरचा १९७३ चा कायदा, सिद्धिविनायकाचा १९८०, शिर्डीचा २००४, यातून येणाऱ्या विश्वस्त मंडळांवर सत्ताधारी पक्षाची माणसं बसतात हे आपण सगळेच बघतो, आणि भक्ताने टाकलेल्या पैशावर राजकारण्याचा हात असणं हे चूकच आहे, मग सरकार कुणाचंही असो. पण फक्त हिंदूंनाच नियम आहेत हे बरोबर नाही. धर्मादाय आयुक्तांकडे चर्चचे, पारशांच्या अग्यारींचे ट्रस्टही नोंदवलेले असतात, वक्फला वेगळा कायदा आणि बोर्ड आहे, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा कायदा आहे. आणि सरकारला अमर्याद मोकळीक पण नाहीये, खुद्द धर्मादाय आयुक्तालाच धर्मसंस्थेचा विश्वस्त म्हणून बसवता येईल अशी मुंबईच्या १९५० च्या कायद्यातली तरतूद सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच रद्द केली होती. म्हणजे हिशोब बघा, कारभार सुधारा, पण देवस्थान ताब्यात घेऊ नका. ही रेघ जिथे ओलांडली जाते तिथे तुम्ही जरूर भांडा. बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क २०१४ मध्ये कोर्टाने कायमचे संपवले म्हणून मात्र मी तरी रडणार नाही, वारकऱ्याला पायावर डोकं ठेवायला मधला माणूस कशाला हवा?

प्रश्न : इथे शेजारी सारखं म्हणतात की अमेरिका ख्रिश्चन राष्ट्र म्हणूनच जन्माला आली. मुलगी शाळेतून येऊन विचारते मग आपण इथे कोण. काय सांगू तिला?
— एक आई, न्यू जर्सी

तिला सांगा की १७८७ च्या अमेरिकन संविधानात, तारखेतला रूढ 'प्रभूचं वर्ष' हा शब्दप्रयोग सोडला तर, देवाचा उल्लेख नाही, आणि कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असं सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, अधिकृत धर्म स्थापायला बंदी केली. शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य इतकंच की वसाहती बहुतेक ख्रिश्चन होत्या आणि काही राज्यांत सरकारमान्य चर्च होती, मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८३३ पर्यंत. पण व्हर्जिनियात काय झालं ते बघा, तिथे परवाना न घेता प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकत होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या तरुण जेम्स मॅडिसनला ते बघून संताप आला, आणि १७८६ मध्ये जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसनने तिथे मंजूर करून घेतला. त्याच्या पाठीशी कोण होतं? हेच बाप्टिस्ट, कट्टर श्रद्धाळू लोक. सरकारी चर्चचा मार त्यांनी खाल्ला होता. 'आमचा देवावर विश्वास आहे' हे राष्ट्रीय बोधवाक्य बऱ्याच नंतरचं, १९५६ चं.

आणि तिला आपली एक गोष्ट पण सांगा. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिली ती अर्पण केलीय अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. त्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांत बायबल हातात घेतलेले खूप जण होते, आणि गुलामगिरीचं समर्थन करणारेही तेच बायबल वाचत होते. तिचं त्या देशाशी नातं पुण्यातून दीडशे वर्षांपूर्वी जोडलं गेलंय.

प्रश्न : आम्ही वसईचे, पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे कॅथलिक. आजकाल आमच्या श्रद्धेबद्दल चार शब्द बोललं तरी लोक धर्मांतर म्हणतात. बोलायचा हक्क आम्हाला आहे की नाही?
— वाचक, वसई

आहे. अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानणं, आचरणं यासोबत धर्माचा प्रसार करणं हा हक्क लिहिलेला आहे. ६ डिसेंबर १९४८ ला यावर जोरदार चर्चा झाली, ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांचा या शब्दाला कडाडून विरोध होता. ख्रिश्चन सदस्यांचा मात्र त्याच्यावर सगळ्यात जास्त भर होता. त्यांच्या बाजूने उभं कोण राहिलं तर कन्हैयालाल मुन्शी, तेच सोमनाथवाले. ते म्हणाले हा शब्द तडजोडीने ठरलाय आणि तो नसता तरी भाषणस्वातंत्र्याखाली कुणालाही दुसऱ्याला आपला धर्म पटवता आलाच असता. त्यांचा आणखी एक मुद्दा होता, तो मला फार पटतो. आता धर्माप्रमाणे राजकीय वाटा मिळणार नाही, तेव्हा डोकी वाढवून कुणाला काही फायदा नाही, मग भीती कशाची? टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले मी चौदा वर्षं ख्रिश्चन संस्थांमध्ये शिकलो, मला बाटवायचा प्रयत्न कुणी केला नाही.

दुसऱ्या बाजूने १९४९ च्या मे महिन्यात अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा विषय आला तेव्हा ख्रिश्चन प्रतिनिधींनी आपल्या जागा आपणहून सोडल्या, आणि मुस्लिम सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी ठणकावून सांगितलं की असं आरक्षण हे आत्मघाती शस्त्र आहे, ते अल्पसंख्याकांना कायमचं बाजूला काढतं. म्हणजे देवाणघेवाण झाली होती. एकाने राजकीय वाटा सोडला, दुसऱ्याने बोलायची मोकळीक मान्य केली. आज प्रसाराच्या हक्कावर डोळे वटारणाऱ्यांनी हा व्यवहार विसरू नये.

कायद्याची आजची स्थिती अशी की १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही, त्यामुळे बळ, फसवणूक, आमिष यावर राज्यं कायदे करू शकतात. मला या निकालात एक उणीव दिसते, त्यात सांगणाऱ्याचा विचार आहे, ऐकून स्वतःचा निर्णय घेणाऱ्याचा फारसा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी एका दिवसात धर्म बदलला, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि त्यासाठी त्यांना कुणा अधिकाऱ्याची परवानगी लागली नव्हती. तुम्ही तुमच्या श्रद्धेबद्दल जरूर बोला.

प्रश्न : मुलाच्या शाळेत रोज प्रार्थना असते, एका धर्माची. त्याला सक्ती करता येते का?
— पालक, लातूर

थोडक्यात, नाही. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाला धार्मिक उपासनेत बसवायचं तर पालकांची संमती लागते, अनुच्छेद २८. केरळात तीन भावंडं होती, यहोवाचे साक्षीदार या पंथाची, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान ती सांगतं, आपलं संविधान ती आचरतं, तिच्यात पाणी घालू नका. आधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होतं.

प्रश्न : मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी माझ्या आईवडिलांना वाळीत टाकलंय. लग्नाला बोलवत नाहीत, मयतीला कुणी येत नाही, देवळातल्या कार्यक्रमात बसू देत नाहीत. पंच म्हणतात हा आमचा धार्मिक अधिकार आहे, संविधानातच आहे. खरंय का?
— एक वाचक भगिनी (गावाचं नाव देत नाही)

ताई, खरं नाही, निदान महाराष्ट्रात तरी नाही. पण पंच कशाच्या आधारावर बोलतायत ते समजून घ्या म्हणजे तुम्हाला उत्तर देता येईल.

मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, सगळ्या धर्म-जातींसाठी. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा तो रद्द केला, म्हटलं धार्मिक कारणाने समाजाबाहेर काढणं हा पंथाच्या कारभाराचा भाग आहे, अनुच्छेद २६. तो एक म्हणजे सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा. त्यांनी लिहिलं की ज्याला असं बाहेर टाकतात त्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हा कायदा माणसाच्या सदसद्विवेकाचं रक्षण करतो. माझ्या मते सिन्हाच बरोबर होते. अनुच्छेद २५ व्यक्तीला आहे आणि २६ संप्रदायाला, दोघांची टक्कर झाली तर ज्याच्याजवळ काहीच ताकद नाही त्या एकट्या माणसाच्या बाजूने उभं राहायला हवं, नाहीतर अमृत कौर आणि हंसा मेहतांनी घेतलेली हरकत वायाच गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांनी हा जुना निकाल नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय.

तुमच्यासाठी आजचा कायदा मात्र वेगळा आणि पक्का आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून जात पंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, कितीतरी वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे आली, आणि त्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा महाराष्ट्राचा कायदा झाला. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी, लग्न-मयतीला तोडणं, धार्मिक कार्यक्रमात बसू न देणं, आणि त्यासाठी पंचायत भरवणं, या कायद्यात गुन्हा आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते, तिथे टाळाटाळ झाली तर थेट दंडाधिकाऱ्यांकडे. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, बैठकीचं बोलावणं, दंड भरायला लावला असेल तर त्याची चिठ्ठी, कोण कुठल्या तारखेला काय बोललं, हे सगळं आत्ताच जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाकडे पण पाठवून ठेवा. आईवडील घाबरत असतील तर एकट्याने जाऊ नका, तालुक्याच्या अंनिस शाखेतले लोक सोबत येतात, आणि आमच्याकडे नंबर दिलात तर जवळच्या कार्यकर्त्याशी आम्ही जोडून देऊ, नाव कुठेही छापणार नाही.